काढून बसवला की चालतो, पुन्हा रुसतो: हॅम किटमधला सॉकेटवरचा कंट्रोलर बोर्ड

लक्षणं ओळखीची आहेत. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, किट जोडून झालं तेव्हा रिग (रेडिओ संच) उत्तम चालत होता. काही आठवड्यांनी कधीतरी डिस्प्लेवर अगम्य अक्षरं उमटतात, किंवा डायल फिरवला तरी फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही, किंवा पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्याबरोबर रिग स्वागताचा संदेश दाखवून पहिल्यापासून सुरू होतो. मग झाकण उघडायचं, आर्डुइनो नॅनो, म्हणजे रिग चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, सॉकेटातून उपटायचा, परत दाबून बसवायचा. रिग शहाण्यासारखा चालू लागतो. झाकण बंद. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले आहेत. एक जण म्हणतो नॅनो बदल. दुसरा म्हणतो सॉकेट हाच मुळात खोडसाळ प्रकार, सरळ सोल्डर करून टाक. दोन्ही सल्ले कधीकधी लागू पडतात, पण निदान न करता दिलेले असतात. काढून बसवल्यावर बोर्ड चालतो यातून जो पुरावा हाती येतो तो अर्धवट असतो, कारण त्या एका कृतीत चार गोष्टी एकदम बदलतात. पिनांचे संपर्क घासून पुसले जातात. सप्लाय बंद झाल्यामुळे अडकलेल्या चिपा मोकळ्या होतात. तापलेला व्होल्टेज रेग्युलेटर थंड होतो. आणि अंगठ्याने जोर दिल्यामुळे खालच्या पीसीबीवरचा (सर्किट बोर्डावरचा) एखादा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, पुन्हा टेकतो. यातलं नेमकं कशामुळे काम झालं हे कळल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका.

म्हणून पुढच्या वेळी रिग रुसला की बोर्डाला हात न लावता आधी फक्त पॉवर बंद करा आणि दहा सेकंदांनी चालू करा. चाललं तर संपर्क निदान आत्ता तुटलेला नाही (क्षणभर तुटून गेलेला असू शकतो, ते पुढे). काहीतरी अडकलं होतं. नाही चाललं तर बोर्ड न काढता अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग बघा. तरीही नाही, पण बोर्ड हलवल्यावर चालला, तर मात्र संपर्काचा संशय खरा.

लक्षण काय सांगतं

हे जरा बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण झाकण उघडण्याआधीच अर्धं निदान इथे होतं.

डिस्प्लेवर कचरा अक्षरं आहेत, पण रिसीव्हर चालतो, डायल फिरवला की आवाजात फ्रिक्वेन्सी बदललेली कळते. याचा अर्थ कंट्रोलर जिवंत आहे, सप्लाय ठीक आहे. १६×२ चा नेहमीचा एलसीडी बहुतेक किटांत चार बिटांच्या पद्धतीने जोडलेला असतो. प्रत्येक अक्षर दोन अर्ध्या तुकड्यांत जातं. एनेबलच्या तारेवर एक जरी खोटा ठोका पडला की तुकड्यांची जोडी चुकते आणि पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं, ते थेट डिस्प्ले पुन्हा सुरू करेपर्यंत. म्हणजे शोध फक्त एनेबल, आरएस आणि डी४ ते डी७ एवढ्या सहा पिनांपुरता.

पहिल्या ओळीत नुसते गडद चौकोन दिसत असतील तर एलसीडीला वीज मिळते आहे, पण त्याला कुणी कामाला लावलेलं नाही. कंट्रोलर सुरूच झाला नाही किंवा त्याचा निरोप पोचत नाही.

स्वागताचा संदेश मधूनच आला तर कंट्रोलर रीसेट झाला. इथे ५ व्होल्ट, ग्राउंड आणि रीसेट या पिनांकडे बघायचं, बाकीच्यांकडे नाही.

डिस्प्ले गोठला, बटणं मेली, पण आधीच्याच फ्रिक्वेन्सीवर आवाज मात्र येत राहिला, तर आय-टू-सी, म्हणजे कंट्रोलर आणि इतर चिपा यांची एकमेकांशी बोलण्याची दोन तारांची (एसडीए आणि एससीएल) लाइन, अडकली आहे. एसआय५३५१ ही फ्रिक्वेन्सी बनवणारी चिप एकदा सांगितलेली फ्रिक्वेन्सी स्वतःच्या बळावर देत राहते, तिला कंट्रोलरची सतत गरज नसते. एसडीए किंवा एससीएल या पिनेचा संपर्क निरोपाच्या मध्येच तुटला की कंट्रोलर उत्तराची वाट बघत बसतो. आर्डुइनोच्या एव्हीआर बोर्डांसाठीच्या (नॅनो त्यातलाच) वायर लायब्ररीत वाट बघण्याला मुदत घालायची सोय आता आहे, पण ती प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चालू करावी लागते, आणि किटांचे जुने फर्मवेअर (कंट्रोलरमधले प्रोग्रॅम) ती करत नाहीत.

याच्या उलट डिस्प्ले ठीक, डायलवर आकडे बदलतात, पण रिसीव्हर ठार बहिरा. तेव्हा एसआय५३५१ चा सप्लाय क्षणभर गेला असेल. तिच्या रजिस्टरांतली माहिती वीज गेली की पुसली जाते, आणि बहुतेक फर्मवेअर ती फक्त सुरुवातीला एकदाच पूर्ण भरतात. कंट्रोलरला याचा पत्ताच नसतो. एसआय५३५१ ला वीज नॅनोच्या ३.३ किंवा ५ व्होल्टच्या पिनेतून दिली असेल तर तिचं सॉकेट तपासा.

आणखी एक फसवं लक्षण: एक बटण दाबलं की दुसऱ्याचंच काम होतं. अनेक किटांत तीन-चार बटणं वेगवेगळ्या रेझिस्टरांमधून एकाच अ‍ॅनालॉग पिनेवर आणलेली असतात आणि कंट्रोलर व्होल्टेज बघून बटण ओळखतो. नॅनोच्या ग्राउंड पिनेत रोध वाढला की बोर्डाचं ग्राउंड मुख्य पीसीबीच्या ग्राउंडपेक्षा वर तरंगतं आणि सगळी मापं सरकतात. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना किती जुळली ते दाखवणारं) विनाकारण वेगळं दाखवू लागलं तर तेही याच खात्यात. फक्त एक ध्यानात ठेवा: नॅनो यूएसबीवर चालवून बघत असाल तर त्यावरच्या डायोडमुळे ५ व्होल्टची लाइन साधारण ४.६ ते ४.७ व्होल्टवर असते, तेव्हा अ‍ॅनालॉग मापं थोडी बदलणं स्वाभाविक आहे.

नेमका जोड कोणता

सॉकेटवर बसवलेल्या नॅनोच्या प्रत्येक पिनेला तीन जोड असतात. वर पिन आणि नॅनोचा पीसीबी यांचा सोल्डर. मध्ये पिन आणि सॉकेटची पाती. खाली सॉकेटचा पाय आणि मुख्य पीसीबी यांचा सोल्डर. तीस पिना, म्हणजे नव्वद जागा. नॅनो हेडरसकट थेट सोल्डर केला तर साठ. रास्पबेरी पाय पिकोसारखा कडेला अर्धगोल खाचा असलेला बोर्ड सपाट ठेवून सोल्डर केला तर चाळीस पिनांना चाळीसच. आकडे बघून वाटतं की सॉकेटच वाईट. पण मधले तीस कारखान्यात बनलेले असतात आणि वरचे-खालचे साठ बऱ्याच किटांत जोडणाऱ्याने स्वतः केलेले असतात. सॉकेटवर फोडलेलं खापर पुष्कळदा या साठांपैकी एखाद्याचं असतं. बोर्ड दाबला की ड्राय सोल्डरही टेकतो, आणि ठपका मधल्या पातीवर येतो.

मल्टीमीटरचा बीप इथे कामाचा नाही. बऱ्याच मीटरांचा बीप काही दहा ओहमांपर्यंतही वाजतो, आणि आपल्याला एक-दोन ओहमांचा दोष शोधायचा आहे. रोध मोजण्यापेक्षा चालू रिगमध्ये व्होल्टेजची घट मोजा. मीटर मिलिव्होल्टवर, रिग रिसीव्हवर, डिस्प्लेचा बॅकलाइट चालू. काळी प्रोब मुख्य पीसीबीवर सप्लायची ग्राउंड तार जिथे येते तिथे पक्की ठेवा. लाल प्रोब तीन ठिकाणी टेकवायची: आधी खालच्या बाजूला सॉकेटच्या ग्राउंड पायावर, मग नॅनोच्या वर डोकावणाऱ्या पिनेच्या टोकावर, आणि शेवटी त्या पिनेभोवतीच्या नॅनोच्या तांब्याच्या कड्यावर. तिसऱ्या वेळी प्रोबचं टोक पिनेला लागू देऊ नका, सोल्डरच्या कडेला, पीसीबीवर टेकवा. ते जमत नसेल तर यूएसबी कनेक्टरच्या धातूच्या कवचावर टेकवा, ते ग्राउंडलाच जोडलेलं असतं.

नॅनो, एलसीडी आणि बॅकलाइट मिळून समजा ८० मिलिअँपिअर घेत आहेत. चांगल्या संपर्काचा रोध काही दहा मिलिओहम, म्हणजे घट दोन-तीन मिलिव्होल्ट. एक ओहमचा खराब संपर्क असेल तर ८० मिलिव्होल्ट. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो, दोष त्या जोडात. तसंच ५ व्होल्टच्या पिनेचं करा. नॅनोला ग्राउंडच्या दोन पिना आहेत, दोन्ही ओळींत एकेक, आणि मुख्य पीसीबीवर दोन्ही जोडलेल्या असतील तर एक तुटली तरी दुसरी झाकून घेते. म्हणून मोजताना लाकडी काडीने बोर्ड हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ढकला आणि आकडा नाचतो का बघा.

सिग्नलच्या पिनांमधून प्रवाहच नगण्य असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे काडी आणि डोळे. काडीने एकेक पिन बाजूला दाबत जा. भिंगातून सोल्डर बघा. पिनेभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली की तो जोड फुटलेला आहे. ग्राउंडच्या पिनेवर सोल्डर गोळीसारखा वर बसला असेल आणि कड्यावर पसरला नसेल तर उष्णता कमी पडली आहे: ग्राउंडचं मोठं तांबं उष्णता शोषून घेतं आणि बाकीच्या पिनांना पुरलेला वेळ तिथे पुरत नाही. आयर्नचं रुंद टोक, थोडा ताजा फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारं द्रव्य) आणि दोन-तीन सेकंद जास्त, एवढाच उपाय.

सॉकेट खरंच दोषी असेल तर

बाजारात एकसारखी दिसणारी तीन प्रकारची सॉकेटं असतात आणि घोळ तिथेच होतो. नॅनोच्या हेडरची पिन चौकोनी असते, ०.६४ मिलिमीटर जाडीची. तिच्यासाठी बनलेलं सॉकेट म्हणजे उंच काळी मादी हेडर पट्टी, साधारण ८.५ मिलिमीटर उंच. दुसरं, चपट्या पायांच्या आयसीसाठीचं डीआयपी सॉकेट. त्याच्या पात्या पातळ पायासाठी असतात. तिसरं, गोल भोकांचं मशिन्ड सॉकेट. त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पाय नीट बसतात आणि आयसीसाठी ते सगळ्यांत उत्तम. नॅनोच्या दोन ओळींतलं अंतर १५.२४ मिलिमीटर, रुंद डीआयपीएवढंच. त्यामुळे रुंद डीआयपी सॉकेटात नॅनो जोर लावून बसतो. एकदा बसला की पात्या कायमच्या फाकतात. त्यानंतर तिथे आयसी लावा, पातळ पिनेचा बोर्ड लावा, ढिलाच राहणार. मशिन्ड सॉकेटाचं तर याहून वाईट: चौकोनी पिनेचा कर्ण ०.९ मिलिमीटर भरतो, आतली पकड उघडून जाते. तुमच्या किटात असं झालं असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नका, सॉकेट बदला.

योग्य सॉकेट असूनही संपर्क जातो, त्याचं कारण बहुतेकदा गंजापेक्षा सूक्ष्म हालचाल असतं. पिनांवरच्या कथलाच्या मुलाम्यावर ऑक्साइडचा कडक थर असतो. बोर्ड बसवताना तो घासून फुटतो, खालचा स्वच्छ धातू टेकतो. मग रिग तापतो, निवतो, बॅगेतून प्रवास करतो, डायलचं बटण दाबलं की पुढचा पीसीबी केसभर वाकतो. प्रत्येक वेळी पिन मायक्रोमीटरमध्ये सरकते, ताजा धातू उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड बनतो आणि त्याची भुकटी संपर्कातच अडकते. काढून बसवलं की भुकटी बाजूला होते. म्हणूनच चालतं, आणि म्हणूनच पुन्हा बंद पडतं. एका बाजूला सोन्याचा मुलामा आणि दुसऱ्या बाजूला कथील ही जोडीही टिकाऊ नव्हे. पट्टी आणि पिना एकाच मुलाम्याच्या घ्या.

दुसरं कारण फ्लक्स. सॉकेट सोल्डर करताना पातळ झालेला फ्लक्स पायाच्या बाजूने वर चढतो आणि पातीवर काचेसारखा पातळ थर बनवतो. नव्या कोऱ्या किटात पहिल्याच दिवशी एखादी पिन मृत असेल तर आधी हा संशय घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल सॉकेटात सोडायचं, नॅनो आठ-दहा वेळा घालायचा-काढायचा, पुन्हा अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज नाही. संपर्क साफ करण्याचा स्प्रे असेल तर थेंबभर पुरे. पॉलिश पेपर, फाइल यांना पिनांजवळ फिरकू देऊ नका. मुलामा गेला की पुढचा गंज लवकर येतो.

यानंतर हालचाल थांबवा, हे जास्त महत्त्वाचं. पुढचा पीसीबी फक्त एन्कोडरच्या (डायलच्या) नटावर लटकत असेल तर त्याला चार कोपऱ्यांना स्टँडऑफ, म्हणजे आधाराचे छोटे खांब, द्या. नॅनोच्या दोन टोकांना सॉकेटच्या कडेशी हॉट ग्लूचा एकेक थेंब. काढायची वेळ आली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडल्यावर तो ग्लू सुटतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी सायनोअ‍ॅक्रिलेट नको, तो वाहत जाऊन सॉकेटात शिरतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा उपाय मधला आहे: बोर्ड सॉकेटवरच राहू द्यायचा, पण ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांना बारीक लवचीक तारेचा एकेक जोड समांतर द्यायचा, नॅनोच्या वरच्या बाजूने थेट मुख्य पीसीबीवर. बदलायची वेळ आली तर दोनच तारा काढायच्या. त्रास देणारे दोष बहुतांशी याच दोन लाइनींतून येतात, आणि त्यातला एक तर फार वाईट आहे, तो आता.

कॅलिब्रेशन आपोआप बिघडणं

रिग चालू केला आणि फ्रिक्वेन्सी दीड किलोहर्ट्झ बाजूला, किंवा बीएफओ (ऐकू येणारा आवाज घडवणारा ऑसिलेटर) भलतीकडे. लोक एसआय५३५१ च्या क्रिस्टलला दोष देतात. पण क्रिस्टल एका रात्रीत एवढं सरकत नाही. साठवलेले कॅलिब्रेशनचे आकडे पुसले किंवा बिघडले आहेत, आणि ते नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतात, एकूण १०२४ बाइट.

ही चिप १६ मेगाहर्ट्झवर खात्रीने चालायला सुमारे ३.८ व्होल्टच्या वर सप्लाय लागतो. नॅनोवर व्होल्टेज पडल्यावर चिपला थांबवणारी सोय मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये २.७ व्होल्टला लावलेली असते. मधल्या पट्ट्यात चिप थांबतही नाही आणि नीट चालतही नाही. ढिल्या पिनेमुळे सप्लाय तिथे रेंगाळला तर प्रोग्रॅम भलतीकडे भरकटू शकतो, आणि नेमका ईईप्रॉममध्ये लिहिणारा भाग चालला की कॅलिब्रेशन गेलं. चिपमधलं 'फ्यूज' नावाचं सेटिंग बदलून ही मर्यादा ४.३ व्होल्टवर नेता येते. यूएसबीवर चालवताना मग फारसं अंतर उरत नाही, कारण तिथे लाइनच ४.६ ते ४.७ व्होल्टवर असते, हेही खरं. पण माझ्या मते हा सौदा परवडणारा आहे.

कॅलिब्रेशनच्या मेनूतले आकडे आजच कागदावर लिहा आणि कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा. बोर्ड बदलला तर नव्या बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये काहीच नसतं. आकडे मात्र तेच चालतात, कारण ते एसआय५३५१ च्या क्रिस्टलचे आणि फिल्टरचे आहेत, नॅनोचे नाहीत. यूएसबीतून फर्मवेअर चढवल्याने ईईप्रॉम पुसलं जात नाही. सहा पिनांच्या आयएसपी प्रोग्रॅमरने (चिपवर थेट लिहिणाऱ्या उपकरणाने) चढवताना मात्र आधी संपूर्ण चिप पुसली जाते आणि त्यासोबत ईईप्रॉमही, ते वाचवणारा फ्यूज लावला नसेल तर. पिकोवर वेगळं ईईप्रॉम नसतंच. सेटिंग फ्लॅशच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवलेली असतात, आणि नव्या फर्मवेअरमध्ये तो कोपरा बदलला की जुनी सेटिंग सापडत नाहीत.

सॉकेटचा संबंधच नसलेले दोष

बाहेरून १३.८ व्होल्ट घेऊन ते थेट नॅनोच्या व्हिन पिनेवर दिलेले असतील तर नॅनोवरचा छोटा रेग्युलेटर ८.८ व्होल्ट खाली आणतो. ८० मिलिअँपिअरला ०.७ वॉट, तेही जेमतेम तांब्याच्या तुकड्यावर. बंद डब्यात तो तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की चालू. तुम्ही झाकण उघडता, बोर्ड काढता, बसवता, तोवर तो थंड झालेला असतो! श्रेय सॉकेटला. नॅनोसाठी व्हिनची शिफारसच ७ ते १२ व्होल्टची आहे. आधी ८ किंवा ९ व्होल्टचा रेग्युलेटर डब्याच्या भिंतीला टेकवून लावा, झगडा मिटतो.

फक्त ट्रान्समिटलाच रिग रीसेट होत असेल तर अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. डमी लोडवर रिग गुणी, अँटेनावर वात्रट: आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) परत खोलीत येऊन मोर्स की, माइक किंवा सप्लायच्या तारेवरून आत शिरतं आहे. उपाय: तारांवर फेराइट, मोर्स कीच्या लाइनवर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि अँटेनाजवळ चोक. डमी लोडवरही रीसेट होत असेल आणि पॉवर कमी केल्यावर थांबत असेल तर सप्लायचा दाब पडतो आहे. रिगच्या सप्लाय जॅकवर व्होल्टेज बघा, सप्लायच्या मीटरवर नाही. रिलेच्या कॉइलवर डायोड आहे ना तेही एकदा बघून घ्या.

तरीही आरएफच्या बाबतीत सॉकेट अगदी निर्दोष नाही. मादी पट्टी आणि हेडरचं प्लॅस्टिक मिळून बोर्ड सुमारे ११ मिलिमीटर वर राहतो. एवढ्या लांबीच्या पिनेचं इंडक्टन्स ढोबळमानाने १० नॅनोहेन्री. त्याचा अडथळा १४ मेगाहर्ट्झला एक ओहमच्याही आत, २८ ला दोनच्या आत, पण १४४ ला नऊ ओहम. एचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या खाली) हे सोडून द्या. व्हीएचएफच्या (१४४ सारख्या वरच्या बँडच्या) किटात कंट्रोलरचं ग्राउंड एका-दोन उंच पिनांवर उभं असणं नडतं, आणि त्यात गंमत म्हणजे नॅनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाची नववी हार्मोनिक (नऊपट फ्रिक्वेन्सी) नेमकी १४४ वर पडते. पिकोला आठ ग्राउंड पिना आहेत आणि तो सपाट बसतो, अशा ठिकाणी मी डोळे झाकून सोल्डर करीन.

मग सोल्डर करायचा का?

रिग पाठीवरच्या पिशवीत फिरणार असेल, फर्मवेअर पक्कं झालं असेल आणि बोर्ड हाताशी मिळणारा साधा असेल, तर करा. घरच्या टेबलावरचा, दर महिन्याला नवं फर्मवेअर चढणारा, कुठून कुठून सुधारणा होणारा रिग असेल तर सॉकेट राहू द्या, योग्य पट्टीचं. डीआयपी चिपच्या किटांत, जिथे २८ पायांची एटीमेगा थेट सॉकेटात असते, चिप सोल्डर करायचं काहीच कारण नाही. तिथे मशिन्ड सॉकेट लावा. सॉकेट किंवा पीसीबी दुरुस्त करायला चिप काढून ठेवली तरी कॅलिब्रेशन तिच्यातच राहतं, हा वरचा फायदा.

सोल्डर करण्यात खरी किंमत मोजावी लागते ती दोष शोधताना. फर्मवेअर चढवताना "प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग" हा संदेश आला की सॉकेटवाला नॅनो उपटून मोकळ्यावर तपासतो आणि मिनिटभरात कळतं की दोष बोर्डात आहे की रिगमध्ये. सोल्डर केलेल्याला अंदाजाने चालावं लागतं. अंदाजाचा क्रम असा ठेवा: प्रथम आर्डुइनो आयडीईमध्ये (फर्मवेअर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसरच्या यादीत "ओल्ड बूटलोडर" निवडून बघा, कारण जुने नॅनो ५७६०० बॉडच्या वेगावर बोलतात आणि नवे ११५२०० वर, स्वस्त बोर्डांत दोन्ही सापडतात. नंतर केबल, नुसती चार्जिंगची नाही ना. नंतर सीएच३४० चा (स्वस्त नॅनोवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर. नंतर डी० आणि डी१ या पिनांवर रिगमधलं काही जोडलं आहे का ते बघा, कारण यूएसबीची सिरिअल लाइन तीच. आणि शेवटी रीसेट लाइनवर कुणी मोठा कपॅसिटर लावला असेल तर तो काढा. यूएसबी चिप रीसेटचा ठोका एका लहान कपॅसिटरमधूनच देते आणि मोठा कपॅसिटर तो गिळून टाकतो.

म्हणून सोल्डर करण्यापूर्वी नॅनो मोकळा असतानाच दोनदा फर्मवेअर चढवा, ५ आणि ३.३ व्होल्ट मोजा, आणि सहा पिनांच्या आयएसपी हेडरवर प्रोग्रॅमर लागेल एवढी जागा डब्यात आहे ना ते बघा. यूएसबी कनेक्टरही बोर्डावर डोलत नाही ना? एकदा सोल्डर केल्यावर तो उखडला तर पूर्ण बोर्ड काढावा लागतो.

आणि काढायचा झाला तर बोर्ड वाचवण्याचा मोह सोडा. महाग काय आहे, मुख्य पीसीबी. नॅनोच्या खालून हेडरच्या पिना बारीक कटरने एकेक कापा. जागा नसेल तर नॅनोचाच पीसीबी मधून कापून दोन तुकडे करा. प्लॅस्टिकची पट्टी निघाली की प्रत्येक पिन सुटी होते. आता वरून पिन चिमट्यात, खालून आयर्न, ताजा शिशाचा सोल्डर थोडासा घालून. किटात शिसेविरहित सोल्डर वापरला असेल तर तो २१७ अंशांच्या वर वितळतो, ६३/३७ चा शिशाचा १८३ ला. दोन्ही मिसळले की पिन सहज सुटते. ओढायचं नाही, सोल्डर वितळला की ती आपसूक येते. ग्राउंडच्या पिना शेवटी, मोठ्या टोकाने. भोकं सोल्डर सकरने साफ करा, आणि नवं काही बसवण्यापूर्वी प्रत्येक भोकाचं वरचं आणि खालचं कडं मीटरने एकमेकांशी जोडलेलं आहे का बघा. भोकाच्या आतली तांब्याची नळी पिनेबरोबर निघून आली असेल तर नवा जोड खालून कितीही सुंदर दिसला तरी वरच्या ट्रॅकला पोचणार नाही. तिथे वरूनही सोल्डर करावा लागेल, आणि मादी पट्टी बसवल्यावर वरचं कडं प्लॅस्टिकखाली जातं. तेव्हा अशा भोकासाठी आधी एक बारीक तार वरच्या कड्याला जोडून बाहेर काढून ठेवा, मगच पट्टी.